दिवाणखान्यातला ऑपरेटर

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

या मालेत आत्तापर्यंत पुस्तकांवर, नाटकांवर, चित्रपटांवर व्याख्यानं झाली. मी आज एका डबीवर बोलणार आहे. (हशा) हसा, पण डबीच आहे ती. शाळेच्या डब्याएवढा छोटा, कमी वीज खाणारा संगणक. एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडायचा आणि घरी चित्रपट बघायचे.

समीक्षा कलाकृतीची करतात, यंत्राची कसली, असं कोणी म्हणेल. पण चित्रपट ज्या वाटेने आपल्यापर्यंत येतो, ती वाट त्याला बरंच काही करते. टॉकीजमध्ये फोकस गेला की पब्लिक शिट्ट्या मारायचं, आणि वरच्या केबिनमधला ऑपरेटर धावत यंत्रापाशी यायचा. आज घरातही चित्र बिघडतं, पण शिट्टी मारायची कोणाला? माझं म्हणणं एवढंच आहे की ही डबी आपल्याला ऑपरेटर बनवते. तेच तिचं बळ आणि तेच तिचं दुखणं.

थोडा इतिहास बघू. ॲपलने जानेवारी २००५मध्ये मॅक मिनी काढला. साडेसोळा सेंटिमीटरचा चौकोन आणि पाच सेंटिमीटर उंची. काढला होता टेबलासाठी, पण हौशी लोकांनी तो उचलून टीव्हीखाली नेला. २००८च्या सुमारास इंटेलच्या ॲटम चिपवरचे स्वस्त छोटे संगणक आले. वीज कमी, किंमत कमी, सगळं छान. फक्त १०८०पीचा चित्रपट लावला की ते गुडघे टेकायचे. चित्र अडकायचं आणि आवाज पुढे निघून जायचा. मग २०१२मध्ये पस्तीस डॉलरचा रास्पबेरी पाय आला. त्याचा मुख्य प्रोसेसर त्या ॲटमपेक्षाही दुबळा, आणि तरी तो तेच चित्रपट सहज चालवायचा. हे कसं?

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. फाइलमधलं चित्र घडी घालून ठेवलेलं असतं आणि दाखवताना ते उलगडावं लागतं. हे काम मुख्य प्रोसेसरकडे दिलं तर तो घाम गाळतो. पण त्या एकाच कामासाठी चिपमध्ये वेगळं मंडल कोरलेलं असेल, तर काम दोन-तीन वॅटमध्ये होतं. पायमध्ये एच.२६४ प्रकारासाठी तसं मंडल होतं. म्हणजे ही डबी हुशार नाही, ती पाठांतरात पक्की आहे. आणि पाठांतराची मर्यादा तुम्हाला माहीत आहे, प्रश्न बदलला की विद्यार्थी गप्प. डीव्हीडीचा जो जुना एमपेग-२ प्रकार, तो उलगडायला त्या पहिल्या पायवर वेगळे पैसे भरून परवाना घ्यावा लागायचा. उलट २०२३च्या पाय ५मधून एच.२६४चं मंडलच काढून टाकलं. प्रोसेसर आता पुरेसा दमदार आहे, तो करेल, असा हिशेब. तेव्हा डबी घेताना किती गिगाहर्ट्झ, हे विचारू नका. आपल्याकडच्या फाइली कुठल्या प्रकारात आहेत आणि त्यांतलं हिला काय पाठ आहे, हे विचारा.

आता विजेचं बघू, कारण जाहिरातीत पहिलं वाक्य तेच असतं. दिवसाला चार तास धरा. दहा वॅटची डबी महिन्याला सव्वा युनिट खाते. शंभर वॅटचा जुना टेबलाखालचा संगणक बारा युनिट. फरक अकरा युनिटांचा. वाईट नाही, पण समोरचा मोठा टीव्हीच तेवढी वीज खातो, त्याचं काय? मला विचाराल तर कमी विजेचा खरा फायदा बिलात दिसत नाही. यंत्र तापत नाही, म्हणून पंखा घरघरत नाही. चित्रपटात दोन माणसं काही न बोलता समोरासमोर बसलेली असतात, तेव्हा त्या शांततेत पंखा नसणं ही माझ्या मते मोठी गोष्ट आहे.

आता मुद्द्याचं. 'संत तुकाराम', १९३६चा. त्या काळच्या चित्राची चौकट जवळजवळ चौकोनी, आणि आपला टीव्ही आडवा. टीव्हीवर 'पूर्ण पडदा' चालू असेल, तर विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम तिसऱ्या हिश्श्याने रुंद होतो. आयुष्यभर उपास काढलेला माणूस एका बटणाने गुटगुटीत! (हशा) आणि घरातल्या कोणालाही ते खटकत नाही, ही खरी चिंतेची बाब.

दुसरं, चाल. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींचा. टीव्ही बहुतेक वेळा सेकंदाला साठदा चित्र बदलतो. चोविसाने साठला सरळ भाग जात नाही, म्हणून एक चौकट तीनदा, पुढची दोनदा, अशी लंगडत दाखवली जाते. कॅमेरा माळावरून सावकाश फिरतो तेव्हा तो हलका हिसका दिसतो. जुन्या पाल पद्धतीत तर चोवीसच्या पंचवीस करून चित्रपट थोडा पळवतच असत. अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं लवकर संपायचा, आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर गाण्याची पट्टीही वर चढायची. डबीवर कोडीसारखा प्रोग्रॅम असेल, तर 'चित्रपटाच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदल' असं एकदा सांगून ठेवता येतं. मग प्रत्येक चौकट सारखाच वेळ थांबते. अर्थात टीव्हीने स्वतःच्या मनाने मधल्या चौकटी घुसवायचं ठरवलं असेल, तर डबी काही करू शकत नाही. ते टीव्हीतच जाऊन बंद करावं लागतं.

हे सगळं मला कशामुळे कळलं, ते सांगतो. आमच्याकडे १९९४ सालची एक व्हीएचएस कॅसेट आहे. घरच्या भजनात आई टाळ वाजवतेय. आई आता नाही. कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि पेन ड्राइव्हने टीव्हीला लावली. हात हलला की त्याला कंगव्याचे दात फुटायचे. मला वाटलं, कॅसेटच खराब झाली. तसं नव्हतं. त्या चित्रात सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं असतात, एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. टीव्ही ती दोन-दोन चिकटवून दाखवत होता. डबीवर प्रत्येक अर्ध्या चित्राचं पूर्ण चित्र करायला सांगितलं, आणि दात गेले. टाळ आवाजाबरोबर हातात येऊन मिटायला लागले. आईची ती मनगटाची लकब मी विसरलो होतो हो. ती पडद्यावर दिसली. एका सेटिंगचा फरक.

आता दुखण्याचं. पैसे भरून बघायच्या बऱ्याच सेवा अशा डबीवर, विशेषतः लिनक्स असेल तर, मुद्दाम कमी दर्जाचं चित्र देतात. त्यांचा विश्वास कुलूपबंद टीव्हीवर, तुमच्या मोकळ्या संगणकावर नाही. म्हणजे ही डबी स्वतःचा संग्रह असणाऱ्यांची. ज्याच्याकडे फक्त वर्गण्या आहेत, त्याने हिच्या नादी लागू नये, हे मी स्पष्ट सांगतो.

आणि दुसरं दुखणं घरातलंच. मी चार दिवस गावी गेलो होतो. फोनवर सौभाग्यवतींना विचारलं, काय बघितलं? म्हणाल्या, "तुम्ही नसलात की आम्ही साधा टीव्ही बघतो. ते खोकं तुम्हालाच कळतं." मी हसलो, पण ते लागलं मला. टॉकीजमधल्या ऑपरेटरच्या हाताखाली एक पोरगा असायचा, बघून बघून शिकायचा. मी असा कोणी तयारच केला नव्हता. आईची कॅसेट बघायला उद्या माझ्या मुलीला माझी परवानगी नाही, पण मी लागणार असेन, तर मी ती जपली कसली? मी तिचा कुलूपवालाच झालो.

म्हणून परत आल्यावर एक वहीचं पान घेतलं. फाइली कुठे आहेत, काय दाबायचं, अडकलं तर काय करायचं, असं मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं. ते टीव्हीच्या कपाटात आतल्या बाजूने चिकटवलं. मग मुलीला म्हटलं, मी बोलणार नाही, तू वाचून लाव. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली. दोन पायऱ्या मी लिहायलाच विसरलो होतो. तिने पेनाने त्या मध्ये भरल्या.

डबी घ्या किंवा घेऊ नका. घेतलीत, तर ते पान लिहा, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या.

इथे थांबतो.