भला राजा, उधारीची शांतता

('हाउस ऑफ द ड्रॅगन'चा पहिला सीझन पाहिला नसेल, तर आधी तो पाहा. इथे सगळंच फोडलेलं आहे.)

ऑक्टोबर २०२२मध्ये या मालिकेचा आठवा भाग आला, तेव्हा मी चक्क रडलो होतो. अर्धा चेहरा सडलेला, सोन्याचा मुखवटा लावलेला म्हातारा राजा व्हिसेरिस काठी टेकत दरबारात येतो. सिंहासनापर्यंतचं अंतर संपता संपत नाही. वाटेत मुकुट पडतो, आणि ज्याला त्याने एकदा राजधानीबाहेर हाकललं होतं तो भाऊ डेमन तो उचलून त्याच्या डोक्यावर ठेवतो. पॅडी कॉन्सिडाइनने ते चालणं असं केलंय की आपलेच गुडघे दुखायला लागतात. 'यार, किती भला माणूस!' असं वाटून मी तो भाग दोनदा पाहिला.

मग गेल्या दिवाळीत ताई माहेरी आली. तिला तो भला राजा दाखवायचा म्हणून मी पहिल्या भागापासून सुरुवात केली. आणि तिथेच अडकलो.

पहिल्या भागात राणी एमा बाळंतपणात अडते. दोघंही जाण्यापेक्षा पोट फाडून निदान बाळ वाचवता येईल, असं राजवैद्य व्हिसेरिसला सांगतो. व्हिसेरिस मान डोलावतो. मग एमाजवळ बसतो, तिचा हात धरतो, प्रेमाने बोलतो. काय ठरलंय ते मात्र तिला कुणी सांगत नाही. बाया तिचे हातपाय धरतात तेव्हा तिला कळतं. बाहेर होणाऱ्या वारसासाठी भरवलेले सामने चालू असतात. एमा जाते, आणि काही तासांत बाळही जातं.

ताईचं दोन वर्षांपूर्वी सिझर झालं. ती स्क्रीनकडे बघत एवढंच म्हणाली, "मला निदान सही करायला कागद तरी दिला होता रे."

तिथून पुढे मला व्हिसेरिस वेगळा दिसायला लागला.

जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'फायर अँड ब्लड' (२०१८) या मूळ पुस्तकात एमा बाळंतपणात मरते, एवढंच आहे. राजाने घेतलेला निर्णय ही मालिकेची भर. तो भाग रायन कॉन्डलने लिहिला आणि मिगेल सापोचनिकने दिग्दर्शित केला. माझ्या मते ही भर म्हणजे व्हिसेरिसची पुरी कुंडली आहे. तो क्रूर नाही. एमावर त्याचं खरंच प्रेम आहे. पण अवघड गोष्ट समोरच्याच्या तोंडावर बोलायची वेळ आली, की तो हात धरतो आणि गोड बोलतो. किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं.

पुढचे सगळे भाग याच सवयीचे आहेत. डेमनवरचा संताप आणि एमाबद्दलचा अपराधीपणा यातून तो मुलीला, रेनिराला, वारस करतो. निर्णय धाडसी आहे, आणि शेवटपर्यंत तो शब्द फिरवत नाही. मग चुकतं कुठे?

मालिकेचा अगदी पहिला प्रसंग आठवा. हॅरनहॉलच्या महासभेत गादीवर रेनिसचा दावा असतो, पण सरदार तिला डावलून व्हिसेरिसला निवडतात, कारण ती बाई. म्हणजे ज्या नियमामुळे हा राजा झाला, तोच नियम त्याला मुलीसाठी मोडायचा होता. सरदार काय करतील हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो एकदा सगळ्यांकडून शपथ घेतो आणि काम झालं असं समजतो. पुढे मुलगा होतो. हवा बदलते. पण ती शपथ पुन्हा घेतलेली आपल्याला दिसत नाही.

तो लग्न करतो ते रेनिराच्याच मैत्रिणीशी, ॲलिसेंटशी, आणि मुलीला ते कळतं थेट राजसभेत, सगळ्यांसोबत. ॲलिसेंटचा बाप ऑटो हायटॉवर कारस्थानी आहे हे ओळखून त्याला पदावरून काढतो, आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच पदावर बसवतो. नातवंडांच्या वयाची पोरं भांडतात, एमंडचा डोळा जातो, तरी राजाचा हुकूम काय, तर माफी मागा आणि विषय संपवा. वारस मुलगी दूर ड्रॅगनस्टोनवर राहते, राजधानी आजारी राजाच्या नावाने हायटॉवर चालवतात. आणि महाराज दगडातून प्राचीन व्हॅलिरियाची प्रतिकृती घडवत बसलेले. त्या नगरीत भांडायला कुणी उरलेलंच नाही, म्हणून ती त्याला आवडत असावी.

आपल्याकडे 'सणासुदीला वाद नको' म्हणणारी वडीलधारी मंडळी घरोघरी असतात. वाद थांबतो, पण ज्याच्यावर अन्याय झाला तोच गप्प बसतो. आणि मंडळी गेल्यावर वाटण्यांच्या वेळी सगळं बाहेर येतं. व्हिसेरिसची शांतता तशीच, उधारीची.

त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. त्याच्या हयातीत राज्यात यादवी होत नाही. दशरथासारखा दिलेल्या शब्दात अडकून तो लेकराला वनात धाडत नाही, धृतराष्ट्रासारखं पोराच्या हट्टापुढे झुकतही नाही. उलट पोटचा मुलगा असूनही मुलीचा हक्क राखतो. पण शब्द पाळणं वेगळं, आणि आपल्यामागे तो टिकेल अशी सोय करणं वेगळं. दुसऱ्या कामात रुसवेफुगवे ओढवून घ्यावे लागतात. ते त्याला जमलं नाही.

म्हणून आठव्या भागातलं ते चालणं आता मला हरल्यासारखं दिसतं. त्या दिवशी न्याय होतो, कारण एक मरणारा माणूस स्वतःला ओढत तिथे आला. तो आला नसता तर? दुसरी काहीच व्यवस्था त्याने उभी केलेली नव्हती. रात्री जेवणाच्या पंगतीत तो मुखवटा काढून सगळ्यांना एक व्हायची विनवणी करतो. सगळे हेलावतात. त्याला उचलून आत नेतात, आणि पोरं पुन्हा एकमेकांच्या अंगावर जातात.

मालिकेबद्दल माझी एक तक्रारही आहे. सहाव्या भागात कथा दहा वर्षं उडी मारते, नट्याही बदलतात. पण ढिलाई ही रोजची गोष्ट असते. आज टाळलेलं बोलणं, उद्यावर ढकललेला निर्णय. नेमके तेच दिवस मालिका गाळते. आपल्याला राजाचं दुखणं जवळून दिसतं, दुर्लक्ष मात्र उडत उडत. त्यामुळे माफ करणं फार सोपं जातं. मला गेलं, तसंच.

ताईने आठवा भागही पाहिला. तीही रडली. शेवटी एकटा पडलेला व्हिसेरिस हात पुढे करून कुणालातरी प्रेमाने हाक मारतो आणि जातो. ती एमाच असणार, असं मी म्हणालो.

ताईने डोळे पुसले. "असेल," ती म्हणाली, "पण तेव्हा विचारलं नाही ना तिला."