मुंबईची चर्चं : वय भिंतींचं की माणसांचं?

दादरला आपण सगळे ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून बसमधून उतरतो. नाव ऐकून वाटतं, समोर जुनी दगडी इमारत असणार. प्रत्यक्षात दिसतं ते चार्ल्स कोरिया यांनी 1970 च्या दशकात उभारलेलं काँक्रीटचं चर्च. मग 1596 चं साल कोणाचं? ते आहे तिथल्या धर्मग्रामाचं.

आपल्याकडे चर्चचा इतिहास म्हणजे स्थापनावर्षांची यादी. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज 1575, माहीमचं सेंट मायकल 1534. साल सांगितलं की काम झालं! आमची तक्रार इथेच आहे. माहीमची आजची इमारत 1970 च्या दशकातली आहे. यादी हे झाकते, आणि त्यासोबत खरी गोष्टही झाकली जाते.

ती गोष्ट स्थलांतराची आणि भांडणांची आहे. एस्पेरान्सा, म्हणजे आशामातेचं चर्च, पूर्वी किल्ल्यासमोरच्या मैदानाकडे होतं. तोफांच्या माऱ्याला मैदान मोकळं हवं, म्हणून इंग्रजांनी 1760 च्या सुमारास ते हटवलं. ते भुलेश्वरला पुन्हा उभं राहिलं आणि पुढे शहराचं कथीड्रल झालं. 1941 मध्ये हा मान कुलाब्याच्या होली नेमकडे गेला. म्हणजे बघा, बिशपांचं आसनसुद्धा एका जागी राहिलं नाही.

भांडण होतं अधिकाराचं. चर्चवर हुकूम कोणाचा, पोर्तुगालच्या राजाने पाठवलेल्या धर्मगुरूंचा की थेट रोमच्या प्रतिनिधीचा? 1794 पासून मुंबईत दोन्ही अधिकार शेजारी-शेजारी नांदले. 1853 मध्ये माहीमला तर बिशप हार्टमन चर्चच्या आत आणि विरोधातले लोक बाहेर, असा वेढाच पडला होता. ही दुहेरी व्यवस्था संपली 1928 मध्ये. चर्च आपलं आहे असं वाटल्याशिवाय माणसं असा वेढा घालत नाहीत.

आता इमारतींकडे वळू. माझगावचं ग्लोरिया चर्च 1632 चं. ते 1911 च्या सुमारास पाडलं आणि भायखळ्याला नवं बांधलं, तेही इंग्रजी गॉथिक वळणाचं. होली नेमही 1905 चं, त्याच वळणाचं. दोन्ही देखणी आहेत, पण हे वळण युरोपातल्या थंड हवेत घडलेलं. कोरियांनी दादरला वेगळा विचार केला. उघडे चौक, त्यांना लागून प्रार्थनेच्या जागा आणि वर उंच निमुळती कवचं. मुंबईचा उकाडा आणि सणाची गर्दी लक्षात ठेवून ही रचना केली आहे. रस्त्यावरून हे चर्च वाटतच नाही, ही लोकांची तक्रार आम्हाला मान्य आहे. आत गेल्याशिवाय ही इमारत कळत नाही, हा तिचा दोष आहेच. तरीही जुन्या धर्मग्रामाला ती जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती म्हातारपणाचं सोंग घेत नाही.

हा प्रश्न फक्त अभ्यासकांचा नाही. मुंबईत चर्चं उद्याही दुरुस्त होतील, पाडली जातील. तेव्हा आपण फक्त दर्शनी भिंत वाचवायला धावलो, तर चौक, क्रूस, दफनभूमी आणि तिथे रोज येणारी माणसं नजरेतून सुटतील. म्हणून पुढच्या वेळी फलकावरचं साल वाचलंत की एक प्रश्न जरूर विचारा : हे वय नेमकं कोणाचं?