शेवटचा अंतरा कुणी खाल्ला?

दलित साहित्याच्या समीक्षेत कवितेला खुर्ची मिळाली, आत्मकथनाला गादी मिळाली. गाण्याला मात्र आपणच दाराबाहेर चपलांपाशी बसवलं. हे काम प्रस्थापितांनी केलं असतं तर आपण मोर्चा काढला असता.

१९७२ साली 'गोलपिठा' आला, १९७८ साली 'बलुतं'. त्यांच्यावर रीम रीम कागद खर्ची पडला आणि तो पडायलाच हवा होता. पण मधल्याच वर्षांत वामनदादा कर्डकांचे 'वाटचाल' (१९७३) आणि 'मोहोळ' (१९७६) हे संग्रह निघाले. त्यांच्यावरचे किती लेख आपण वाचलेत, दोस्तहो? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. मुंबईत पोटासाठी आला, मोठेपणी अक्षरं शिकला, १९४३ पासून गाणी रचत राहिला आणि २००४ साली गेला तोवर स्वतः लिहून स्वतः गात राहिला. ज्या वस्तीत कवितासंग्रह पोचला नाही तिथं वामनदादांचं गाणं म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं.

आता 'ते साहित्य नाय, प्रचार आहे' असं म्हणणाऱ्यांनी एक गाणं नीट उघडून बघावं. मुखडा आखूड, कारण तो शेवटच्या रांगेतल्या बाईनं उचलायचा असतो. अंतऱ्यात मुद्दा मांडायचा, आणि तोही चढत्या भांडणासारखा. भांडवलदारांना नावानिशी उभं करून आमचा वाटा कुठाय म्हणून हिशेब विचारायचा, नाहीतर बाबासाहेबांमागं दुकानं थाटणाऱ्या आपल्याच पुढाऱ्यांचे कान उपटायचे. आणि शेवटच्या अंतऱ्यात बहुतेक वेळा 'वामन' हे नाव ओवलेलं. तुका म्हणे, चोखा म्हणे, तसंच. ज्याला कॉपीराईटचा कागद परवडत नाही त्यानं आपली सही गाण्याच्या पोटात लपवलेली.

ही सहीच आज खाल्ली जातेय. कॅसेटच्या बाजूची मिनिटं भरायची म्हणून एखादा अंतरा कापा, मोबाईलवर दीड मिनिटाचा तुकडा टाका, डीजेवर नुसता मुखडा घुमवा. पहिला कुऱ्हाडीखाली येतो तो शेवटचा अंतरा. मग गायकाचं नाव राहतं, कंपनीचं राहतं, फोटो राहतो. रचणारा 'पारंपरिक' होतो! आपल्या मयत माणसाला बेवारस ठरवण्याचा हा प्रकार आहे.

नाव राखा म्हणतोय म्हणून सगळंच गोड मानायचं असं मात्र नाही. वामनदादांच्याही काही गाण्यांत यमकासाठी ओढून आणलेले शब्द आहेत, नुसती आरती वाटावी अशा ओळी आहेत. आणि २० मार्चला चवदार तळ्याच्या वाटेवर पथाऱ्यांवर ज्या चोपड्या, सीड्या, पेनड्राइव्ह विकले जातात त्यांतला निम्मा माल त्या आरतीचाच. सिनेमाची चाल, कोट-टाय, सोन्याची मूर्ती. तळ्याकाठी उभं राहून गातात आणि गाण्यात पाणी नाही! विलास घोगरेंनी ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर चार-पाच दिवसांतच जीव दिला. त्यांची गाणी मजुराची, झोपडपट्टीची होती. त्या गाण्यांशेजारी ठेवून नवं गाणं मोजा, सवलत देऊ नका.

या खाडीपट्ट्याला छापील शब्दाची ताकद आजची ठाऊक नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, फौजेतनं निवृत्त झालेले, त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. पुढं लाडवलीत जन्मलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे या पोराला महाडच्या इंग्रजी शाळेनं दार लावलं, तेव्हा त्यानं ती हकिकत वर्तमानपत्रात छापून आणली. प्रवेश द्यावा लागला. बसवलं मात्र वर्गाबाहेर. १९२७ च्या महाड परिषदेच्या उभारणीत तोच पोरगा पुढं होता.

या मोऱ्यांच्या आठवणी मराठीत पुस्तकरूपानं यायला २००३ साल उजाडलं. त्यांनी स्वतः लिहिलेला भाग अपुरा राहिला, ते १९७२ साली गेले, पुढचं चरित्र त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहिलं. दोन्ही भागांची तब्येत वेगळी. बापाच्या लिहिण्यात दासगाव दिसतं, खाडी दिसते, शाळेचं दार दिसतं. मुलाच्या लिहिण्यात आदर जास्त, माणूस कमी. तरी कागदपत्रं म्हणून तो भाग मोलाचा. मोरे १९३० साली कम्युनिस्ट पक्षात गेले म्हणून लाल रंग दिसताच पुस्तक खाली ठेवणारे आपल्यात आहेत. त्यांनी महाडपर्यंतची पानं तरी वाचावीत. पुढं वंदना सोनाळकरांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला आणि विद्यापीठातली मंडळी मोऱ्यांबद्दल बोलू लागली. महाडच्या पथारीवर मराठी पुस्तक कितीजण मागतात?

ज्यांच्या घरी जुन्या गाण्यांच्या चोपड्या असतील त्यांनी गीतकाराचं नाव, छापखाना, साल आणि किंमत उतरून आमच्याकडं धाडावी. पान फाटलं असलं तरी चालेल. गाणी पाठ असलेल्या आजीकडून उतरवून घेणार असाल तर शेवटचा अंतरा आधी विचारा.