शुभंकराच्या दृष्टीतून ‘देवराई’ : एक पुनर्विचार

प्रस्तावना

एखादा चित्रपट प्रेक्षकाला ‘आवडता’ का वाटतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा कथानक, अभिनय, संगीत अशा घटकांत शोधले जाते. मात्र काही चित्रपटांच्या बाबतीत ही उत्तरे अपुरी पडतात. प्रेक्षकाच्या घरात जे घडत असते, पण ज्याविषयी घरात आणि घराबाहेर बोलता येत नसते, ते पडद्यावर प्रथमच दिसते आणि तो चित्रपट त्याच्यापुरता व्यक्तिगत होऊन जातो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘देवराई’ (२००४) या मराठी चित्रपटाचे स्थान असे आहे. स्किझोफ्रेनिया या तीव्र मानसिक आजारावरील हा चित्रपट रुग्णांच्या कुटुंबांनी विशेष जवळचा मानला. प्रस्तुत लेखात या जवळिकीचे कारण तपासले आहे. तसेच त्यातील काळजीवाहू व्यक्तीचे चित्रण कोठवर पोहोचते आणि कोठे थांबते, याचा विचार त्याच दिग्दर्शकांच्या पुढील दोन चित्रपटांच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी : एका कुटुंबाच्या अनुभवातून

‘देवराई’च्या निर्मितीमागे डॉ. जगन्नाथ वाणी यांचा पुढाकार होता. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्यापन करणारे डॉ. वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. या आजाराबरोबर संसार करताना आलेल्या अनुभवातून त्यांनी पुण्यात १९९७ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ या संस्थेची स्थापना केली. पुढे सिंहगड रस्त्यालगतच्या धायरी येथे संस्थेचे पुनर्वसन केंद्र उभे राहिले. डॉ. वाणी यांचे २०१७ मध्ये निधन झाले. रुग्णाच्या सहचराने चालना दिलेल्या या चित्रपटाची दृष्टी घराच्या आतून पाहणाऱ्याची आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

सुमित्रा भावे (निधन : २०२१) यांची पार्श्वभूमीही येथे महत्त्वाची ठरते. समाजकार्याचे शिक्षण आणि संशोधन हा त्यांचा मूळ पिंड होता. ‘बाई’ (१९८५) या लघुपटापासून त्यांनी संशोधनातून हाती आलेले माणसांचे जगणे दृश्यमाध्यमात मांडण्यास प्रारंभ केला. त्यामुळे माहिती देण्याची निकड आणि कलाकृतीची स्वायत्तता यांतील ताण त्यांच्या चित्रपटांत सातत्याने जाणवतो. ‘देवराई’ही त्याला अपवाद नाही.

चित्रपट आला तो काळही ध्यानात घ्यावा लागेल. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या निवासाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेल्या २८ रुग्णांचा होरपळून अंत झाला. कुटुंबांनी बरे करण्याच्या आशेने किंवा अगतिकतेने त्यांना तेथे ठेवले होते. त्याच सुमारास लोकप्रिय हिंदी चित्रपटांत ‘वेडा’ हा हास्याचा, भयाचा अथवा प्रेमभंगाच्या करुण परिणतीचा विषय होता. ‘तेरे नाम’ (२००३) हे त्याचे ठळक उदाहरण. आजाराला नाव आहे, त्यावर उपचार आहेत आणि रुग्णाला घर आहे, या तीन साध्या गोष्टी सांगणारा चित्रपट विरळाच होता.

शेष आणि सीना

कोकणातील गावात वाढलेला शेष (अतुल कुलकर्णी) बुद्धिमान आणि अतिशय संवेदनशील आहे. गावच्या देवराईने त्याचे मन व्यापले आहे. तिचा अभ्यास, तिची राखण, तिच्या नाशाची भीती आणि कल्याणीविषयीची (देविका दफ्तरदार) ओढ यांची गुंतागुंत वाढत जाते आणि आजार प्रकट होतो. लग्न होऊन शहरात स्थिरावलेली बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या घरी आणते. तेथून औषधोपचार, त्यांतील चढउतार आणि कुटुंबाची कसोटी सुरू होते. निवेदन वर्तमानातून भूतकाळात आणि पुन्हा वर्तमानात ये-जा करते.

अतुल कुलकर्णी यांच्या अभिनयाची चर्चा पुष्कळ झाली आणि ती योग्यच आहे. आजाराचे प्रदर्शन न मांडता त्यांनी शेषचे माणूसपण अखेरपर्यंत अबाधित ठेवले आहे. तथापि चित्रपटाचा खरा भार सीनेवर आहे. शेषला ऐकू येणारे आवाज त्याच्यापुरते खरे आहेत. सीनेला मात्र दोन जगांत एकाच वेळी वावरावे लागते. भावाच्या भासांना खोटे म्हणून झिडकारता येत नाही आणि खरे म्हणून स्वीकारताही येत नाही. एकीकडे पती सुदेश (तुषार दळवी) आणि संसार, दुसरीकडे रक्ताचे नाते. मराठी आधारगटांत अशा रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ‘देवराई’ हा मराठीतील पहिल्या महत्त्वाच्या शुभंकर-चित्रपटांपैकी एक होय. त्याच्या व्यक्तिगत अर्थाचे मूळ येथे आहे. शुभंकराचा राग, थकवा, अपराधभाव आणि ‘आपले काही चुकले का?’ हा प्रश्न यांना त्याने पडद्यावर जागा दिली.

येथे ‘अ ब्युटिफुल माइंड’ (२००१) या अमेरिकी चित्रपटाशी तुलना उद्बोधक ठरते. त्यात प्रेक्षक जॉन नॅश यांच्या भासांना दीर्घकाळ सत्य समजतो; तो रुग्णाच्या मनात शिरतो. शिवाय नोबेल पारितोषिकाच्या रूपाने त्या दुःखाला एक भरपाई मिळते. शेषच्या वाट्याला असे कोणतेही पारितोषिक नाही. औषध वेळेवर घेतले गेले, रात्रीची झोप लागली, जेवताना दोन वाक्ये बोलली गेली, हे सामान्य घरातील यशाचे मोजमाप आहे. ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांना हे मोजमाप समजावून सांगावे लागत नाही.

देवराईचे रूपक आणि त्याची मर्यादा

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले वन. तेथील फांदी तोडायची नाही, वाळलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, असा अनेक ठिकाणी दंडक असतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला आणि या श्रद्धेमुळे दुर्मीळ वनस्पतींचे कसे रक्षण झाले, हे अभ्यासकांसमोर आणले. चित्रपटातील देवराई ही शेषच्या मनाची प्रतिमा आहे : दाट, समृद्ध, अनाकलनीय आणि बाहेरच्या आक्रमणाने उद्ध्वस्त होऊ शकणारी.

रूपक सुंदर आहे. मात्र ते पूर्णतः स्वीकारणे धोक्याचे आहे. देवराईचे रक्षण भयाने होते. मनोरुग्णाचा नाश पुष्कळदा त्याच भयाने होतो. देवाच्या कोपाच्या भीतीने माणसे रानात शिरत नाहीत आणि रान वाचते. आजाराच्या भीतीने माणसे रुग्णाच्या घरात येईनाशी होतात आणि ते घर एकाकी पडते. शिवाय देवराईला हात न लावणे हेच तिचे संवर्धन. आजाराला हात न लावणे म्हणजे उपेक्षा. दाट अरण्यासारखे मन म्हणून आजाराकडे पाहताना त्याला गूढतेचे वलय चढण्याची शक्यता राहते. चित्रपटातील उपचारांचा भाग या शक्यतेला आवर घालतो. त्या प्रसंगांत संवाद काहीसे माहितीपर होतात, ही त्रुटी खरी. परंतु रूपकाचा तोल सांभाळण्याचे काम तेच करतात.

‘आमच्यानंतर कोण?’

चित्रपटाची याहून मोठी मर्यादा सामाजिक आहे. शेषला सीना आहे. सीनेला घर आहे, शिक्षण आहे, डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची ऐपत आहे. ज्याला अशी बहीण नाही, त्याचे काय? आणि काळजीचा भार स्त्रीनेच, तेही आपल्या संसाराशी झगडत, का वाहावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर सुमारे ३०० ते ३५० व्यक्तींमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो. आजार प्रायः तारुण्यात सुरू होतो आणि पुढे अनेक वर्षे सोबत राहतो. म्हणजे काळजी घेणारे आईवडील वृद्ध होतात, तेव्हा मुलाचे अर्धे आयुष्य उरलेले असते. ‘आमच्यानंतर कोण?’ हा शुभंकरांचा सर्वांत जड प्रश्न आहे. ‘देवराई’ त्या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत येते. तो ओलांडत नाही.

तो ओलांडण्याचा प्रयत्न याच दिग्दर्शकांच्या पुढील चित्रपटांत दिसतो. ‘अस्तु’मध्ये (२०१३) अल्झायमरग्रस्त संस्कृत पंडित डॉ. चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हत्तीमागे भरकटतात आणि माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना लेकरासारखे सांभाळते. तिला त्यांचे नाव ठाऊक नाही, विद्वत्ता ठाऊक नाही. २०१६ या वर्षासाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणाऱ्या ‘कासव’मध्ये नैराश्याने जीवन संपवू पाहणाऱ्या तरुणाला (आलोक राजवाडे) जानकी (इरावती हर्षे) ही परकी स्त्री आधार देते. ती स्वतःही या वाटेवरून गेलेली आहे. ‘देवराई’त रक्ताच्या नात्याने बांधलेली काळजी ‘अस्तु’त क्षणभर परक्याच्या हाती जाते आणि ‘कासव’मध्ये परकेपणातूनच नाते निर्माण होते. काळजी घेणारी मात्र तिन्ही वेळा स्त्रीच आहे, ही नोंदही केली पाहिजे. काळजीचे वर्तुळ रुंदावले. तिची वाटणी अद्याप व्हायची आहे.

समारोप

धायरीतील केंद्राचे महत्त्व या संदर्भात उमगते. आधारगट म्हणजे परक्यांनी परक्यांचे शुभंकर होणे. एका घराची गोष्ट दुसऱ्या घराने ऐकणे आणि ‘आमच्याकडेही असेच आहे’ असे म्हणणे, यात आजार बरा करण्याचे सामर्थ्य नसेल. परंतु त्याभोवतीची भीती कमी करण्याचे सामर्थ्य निश्चित आहे. ‘मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७’ने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आणि त्याला साखळदंडांनी बांधण्यास मनाई केली. तो हक्क बजावता येण्यासाठी मात्र त्याला सामावून घेणारे शेजार लागतात.

‘शेष’ या शब्दाचा एक अर्थ ‘उरलेला’ आणि दुसरा पृथ्वीचा भार वाहणारा नाग. आजाराने जे हिरावून नेले, त्यानंतरही जो उरतो त्या माणसाकडे पाहण्यास ‘देवराई’ शिकवते. त्याचा भार एकट्या सीनेने किती काळ वाहायचा, हा प्रश्न ती प्रेक्षकाच्या स्वाधीन करते. दोन दशकांनंतरही तो प्रश्न अनेक घरांत तसाच आहे आणि म्हणूनच हा चित्रपट त्या घरांचा राहिला आहे.