घट्ट की पातळ? : इंजिन ऑइलच्या डब्याचे परीक्षण

पाठ्यपुस्तकांचे परीक्षण आपण करतो. तसे ते इंजिन ऑइलच्या डब्याचेही व्हावे, असे आम्हाला वाटते. डब्यावरचा मजकूर विज्ञानाचाच आहे आणि त्यावर भरवसा ठेवून लोक पैसे मोजतात. टर्बोचार्जर असलेली नवी गाडी घेणाऱ्याला तर हे वाचन चुकल्यास इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च सोसावा लागू शकतो.

डब्यावर ठळक दिसते ‘५डब्ल्यू-३०’. त्याचा सर्रास लावला जाणारा अर्थ असा : थंडीत ऑइल ५ इतके पातळ, तापल्यावर ३० इतके घट्ट. म्हणजे हे ऑइल तापल्यावर घट्ट होते! तेल तापले की पातळ होते, हे स्वयंपाकघरात रोज दिसते; तरीही हा अर्थ बिनदिक्कत सांगितला जातो. यात वाचकाचा दोष थोडा आहे. आडव्या रेघेने जोडलेले दोन आकडे एकाच मोजपट्टीवरचे असणार, असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात मोजपट्ट्या दोन आहेत. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. थंड इंजिन फिरवताना उणे ३० अंश सेल्सिअसलाही ऑइलची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, ठरलेल्या मर्यादेत राहते, हे ‘५डब्ल्यू’ सांगते. ‘३०’ सांगते की १०० अंशांना ती ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या टप्प्यात आहे. हेच ऑइल ४० अंशांना साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक भरते. म्हणजे तापल्यावर ते सुमारे सहापट पातळ झाले. ऑइलमध्ये मिसळलेले पॉलिमर ही घसरण कमी करतात. तिची दिशा बदलत नाहीत.

दुसरा समज असा की, आपल्याकडे ऊन फार, तेव्हा घट्ट ऑइल चांगले. चंद्रपुरात पारा ४५ अंशांवर गेला, तरी चालू इंजिनातले ऑइल मुळातच १०० अंशांच्या आसपास असते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, त्यामुळे बाहेरच्या दहा अंशांनी आत फारसा फरक पडत नाही. उलट सकाळी गाडी सुरू करताना ‘२०डब्ल्यू-५०’ हे ऑइल ‘५डब्ल्यू-३०’च्या दुपटीहून अधिक घट्ट असते. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि बहुतेक रचनांत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तिथे ऑइल उशिरा पोहोचून चालत नाही. मात्र म्हणून हवे तितके पातळ ऑइलही चालत नाही, कारण मग थर तुटतो आणि धातू धातूला घासतो. बेअरिंगमधली फट ठरावीक श्यानता धरूनच आखलेली असते. घट्ट किंवा पातळ यांपैकी एक सर्वत्र चांगले, असे म्हणता येत नाही.

आमचा मोठा आक्षेप वेगळाच आहे. डब्यावर ‘सिंथेटिक’ हा शब्द मोठ्या अक्षरांत आणि गुणवत्तेचे मानक बहुधा मागे, बारीक अक्षरांत असते. श्यानता सारखी असूनही दोन ऑइलांचे रसायन वेगळे असू शकते. लहान टर्बो पेट्रोल इंजिनावर कमी फेऱ्यांत जास्त भार पडला, तर कधी कधी ठिणगीआधीच मिश्रण पेट घेते. त्या दणक्याने पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त द्रव्यांचा याच्याशी संबंध आढळला, म्हणून त्यांतल्या काहींच्या जागी मॅग्नेशियमची संयुगे आली. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या २०१८ च्या ‘एसएन प्लस’ आणि २०२० च्या ‘एसपी’ या मानकांत याची चाचणी समाविष्ट आहे. कणगाळणी असलेल्या डिझेल गाडीला कमी राख सोडणारे ऑइल लागते, कारण राख गाळणीत साठत जाते. यातले काहीही ‘५डब्ल्यू-३०’ सांगत नाही.

तेव्हा गाडीच्या पुस्तिकेतली श्रेणी आणि मानक या दोन्ही गोष्टी डब्याशी जुळल्या पाहिजेत. एक जुळून भागत नाही. पुस्तिकेबद्दलही तक्रार आहेच : ती आज्ञा देते, कारण देत नाही. कारण माहीत नसलेला माणूस दुकानदाराच्या पहिल्या वाक्याला आज्ञा विसरतो.

ते कारण वर्गात देता येईल. दोन सारख्या बाटल्यांच्या झाकणांना सारखे भोक पाडा. दोन्हींत सारखे शेंगदाणा तेल भरून एक बर्फाच्या पाण्यात, दुसरी गरम पाण्यात ठेवा. मग त्या उलट्या धरून, बुडाला एक भोक पाडून, रिकाम्या व्हायला लागणारा वेळ मोजा. त्यानंतर ऑइलचा रिकामा डबा मुलांपुढे ठेवा आणि विचारा : हे ऑइल तापल्यावर घट्ट होईल का? श्यानतेच्या व्याख्येपेक्षा या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या अधिक लक्षात राहील, असे आमचे मत आहे.