पेन्सिलीचा नकाशा आणि लोखंडी शिडी

दिवाळी जवळ आली की आमच्या भिवंडीत अजूनही चार-दोन अंगणांतून मातीचा किल्ला उभा राहतो. खाली विटांचे तुकडे, त्यावर पोत्याचे तरट, वर लाल मातीचा गिलावा आणि त्यात पेरलेले अळीव. बांधकाम निम्म्यावर आले की भांडण जुंपते, आणि ते बहुधा एकाच गोष्टीवरून. वाट कोठून न्यायची? एकाला ती पायथ्यापासून सरळ दरवाजाला भिडवायची असते, दुसऱ्याला बुरुजामागून वळवायची असते. तिसरा गुपचूप एक गुहा खणून ठेवतो आणि ती कोणालाच दिसली नाही म्हणून शेवटी रडकुंडीला येतो. पाहुण्याला गुहा सापडावी, पण चटकन सापडू नये, या एका अटीत शोधखेळाच्या रचनेचे पुष्कळसे शास्त्र येऊन जाते. आज ज्या कृतीविषयी लिहावयाचे आहे ती मातीची नाही, घरातल्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावरची आहे. पण तिच्या कर्त्यांपुढचा प्रश्न हाच होता.

‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा तो खेळ. कॅलिफोर्नियातील नॉटी डॉग या संस्थेने तो ऑगस्ट २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी प्रसिद्ध केला. पुढे २०२२ मध्ये नव्या यंत्रासाठी आणि संगणकासाठीही त्याची आवृत्ती निघाली. दिवाळी अंकाच्या पानांत व्हिडिओ गेमची समीक्षा पाहून ज्यांच्या भुवया उंचावतील त्यांना एवढेच सांगतो की यातील नायिका, क्लोई फ्रेझर आणि नडीन रॉस, ज्या मुलखात हिंडतात तो आपला आहे. गणपतीच्या हस्तिदंती सुळ्याच्या शोधात निघालेल्या या दोघी चौथ्या प्रकरणात सह्याद्रीत येऊन पोचतात. प्रकरणाचे नावच ‘वेस्टर्न घाट्स’.

मी हा खेळ एकट्याने खेळलो असतो तर कदाचित हे टिपण लिहिले नसते. माझे एक आतेभाऊ आहेत. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. मागांच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात त्यांचे आयुष्य गेले. पण रविवार आला की माणूस डोंगरात. माहुलीचा गड मला त्यांनीच दाखवला. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात अधू झाला. अंगठा आणि बोटे हलतात, पण सावकाश. त्यांच्या नातवाने हा खेळ घरी आणला तेव्हा दादा नुसते पाहत बसत. एका संध्याकाळी म्हणाले, “अरे, ही बाई चुकली. उजवीकडची सोंड धरायला हवी होती.” नातवाने कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला. तेथून पुढे मी हा खेळ दोन माणसांच्या नजरेने पाहिला, आणि माझ्या मनातल्या काही ठाम समजुती ढिल्या झाल्या.

आधी नकाशाविषयी, कारण या कृतीचे खरे वैभव त्यात आहे. आजकालच्या पुष्कळ साहसखेळांत पडद्याच्या कोपऱ्यात एक चिमुकला नकाशा सतत फिरत असतो आणि त्यावर शेकडो ठिपके लुकलुकत असतात. खेळणारा मग डोंगर पाहीनासा होतो, ठिपके पाहतो. परगावच्या लग्नाला जाऊन दिवसभर घड्याळाकडे बघणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. ‘लॉस्ट लेगसी’त असला कोपरा-नकाशा मुळीच नाही. क्लोई मध्यभागी असलेल्या एका उंच मनोऱ्यावर चढते, चौफेर नजर टाकते, आणि दिसलेली तीन ठिकाणे हातातल्या कागदावर पेन्सिलीने टिपून घेते: परशूचे, त्रिशूळाचे आणि धनुष्याचे. त्यांपैकी आधी कोठे जायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे. जीप आहे, चिखल आहे, धबधबे आहेत, आणि दिशा ओळखायची ती डोळ्यांना दिसणाऱ्या उंच खुणांवरून. नकाशा पाहायचा तर क्लोईने कागद हातात धरलेला दिसतो. काम झालेल्या जागेवर तिची पेन्सिल फिरलेली असते.

ही गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे, पण तिच्यात मोठा विवेक आहे. छापील नकाशा सांगतो, येथे काय आहे. पेन्सिलीचा नकाशा सांगतो, तू आजवर काय पाहिलेस. आसनगावहून माहुलीकडे जाताना वजीर आणि नवरा-नवरीचे सुळके नजरेत ठेवून आम्ही दिशा धरत असू, आणि परतल्यावर दादा वहीच्या मागच्या पानावर वाटेचा आराखडा काढीत. तो आराखडा आमच्याखेरीज कोणाच्याही उपयोगाचा नव्हता. क्लोईचा कागद त्याच जातीचा आहे.

शोधाचे हे सुख या माध्यमात नवे नाही. १९८६ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’चे कर्ते शिगेरू मियामोतो यांनी सांगून ठेवले आहे की क्योतोजवळच्या सोनोबे गावी लहानपणी रानात भटकताना त्यांना एक गुहा सापडली होती, आणि त्या अनुभवाचा अंश त्या खेळात आहे. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने केलेला ‘राजी’ (२०२०) हाही साहसखेळच, आणि भिंतींवरच्या चित्रांतून कथा सांगण्याची त्याची रीत मनोहर आहे. पण त्याची वाट एकमार्गी आहे. तीत रमता येते, हरवता येत नाही.

आता त्या ढिल्या झालेल्या समजुतीकडे वळतो. मला वाटे की खेळ जितका सोपा कराल तितका शोधाचा आनंद उणावेल. दादांच्या हाती कंट्रोलर आला आणि कळले की मी दोन निरनिराळ्या अडचणींना एकच नाव देत होतो. वाट न सापडणे ही एक अडचण. ती खेळाची आहे, आणि ती हवीच. सापडलेल्या वाटेने बोटांना जाता न येणे ही दुसरी. ती खेळाची नव्हे, नुसता अडथळा आहे. पहिलीला हात न लावता दुसरी दूर करणे यालाच सुगम्यता म्हणावे.

या बाबतीत खेळाच्या कर्त्यांनी विचार केलेला आहे, आणि त्यामागे एक हकीकतही आहे. जॉश स्ट्रॉब हे सेरेब्रल पाल्सी असलेले गृहस्थ अपंग खेळाडूंच्या दृष्टीने खेळांचे परीक्षण करीत. याच मालिकेतील २००९ च्या दुसऱ्या खेळात एका जागी एकच बटण भराभर दाबावे लागे, आणि तेथे ते अडकले. इतकी मजल मारून अखेर एका बटणापाशी हार! पुढे नॉटी डॉगने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि २०१६ च्या ‘अनचार्टेड ४’ मध्ये सोयी घातल्या. त्याच ‘लॉस्ट लेगसी’त आल्या. भराभर दाबण्याऐवजी बटण नुसते दाबून धरले तरी चालते. सामान्यतः डाव्या घुंडीने चालायचे आणि उजव्या घुंडीने नजर फिरवायची असते. सोय चालू केली की नजर चालणाऱ्याच्या दिशेने आपोआप वळत राहते. नेमही आपोआप धरला जातो. शिवाय लढाईची तीव्रता अगदी कमी करणारी ‘एक्सप्लोरर’ नावाची पायरी आहे. जीप हाकताना उजव्या तर्जनीखालचा खटका दाबून धरावा लागतो, त्याने दादांचे बोट दुखू लागे. तेव्हा नातवाने यंत्राच्या मांडणीत जाऊन बटणांच्या जागाच बदलल्या. प्लेस्टेशन ४ मध्ये ही सोय २०१५ पासून होती. आम्हांला ती सापडायला आठवडा लागला, हा निराळा शोध!

या सोयींनी काय सोपे झाले? परशूचा गड कोठून चढायचा हे कोणी दादांना सांगितले नाही. कोडे कोणी सोडवून दिले नाही. ते चुकले, घसरले, नदीकाठाने दोनदा त्याच जागी आले, आणि नातवाने तोंड उघडताच त्याच्यावर डाफरले, “सांगू नकोस!” माहुलीच्या माथ्याजवळ एक लोखंडी शिडी आहे. शिडीने गड सर करणाऱ्याला मी कधी असे म्हणताना ऐकलेले नाही की आपण माहुली पाहिली नाही. मग पडद्यावरच्या शिडीने खेळ बाटतो असे मानणारे कडवे खेळाडू नेमके कशाचे रक्षण करतात, हे मला उमगत नाही.

पण गुणगान पुरे. या खेळाचे काही दोष मला जाचतात.

पहिला दोष डोळ्यांचा. हाताची एवढी काळजी वाहणाऱ्या कर्त्यांनी दृष्टीला जवळजवळ वाऱ्यावर सोडले आहे. दूरच्या मनोऱ्यावर दिशा ठरते, म्हणजे दूरचे दिसायला हवे. पिवळट कागदावरच्या बारीक पेन्सिलरेषा दादांना चष्मा लावूनही दिसत नसत. ते पडद्यापाशी स्टूल ओढीत. आणि येथेच एक विलक्षण विसंगती आहे. या मुलखात मुख्य कथेबाहेरची अकरा होयसळ नाणी दडवलेली आहेत. ती सगळी मिळवली की राणीचे माणिक जडवलेले कडे हाती येते. त्याचा गुण असा की जवळपास ठेवा असला की ते नाद करते आणि कंट्रोलर हातात थरथरतो. म्हणजे डोळ्यांचे काम कानांनी आणि तळहाताने होते! मंददृष्टी माणसाला याहून चांगली काठी कोणती? पण ती मिळते कोणाला, तर ज्याने डोळ्यांच्या बळावर अकराही नाणी शोधली त्याला. काठी बक्षीस म्हणून शर्यत जिंकणाऱ्याच्या हाती द्यावी तसे हे झाले. ती आरंभापासून हव्या त्याला मागता आली असती तर बक्षिसाला दुसरे काही सुचले नसते काय? तीनच वर्षांनी, २०२० मध्ये, याच संस्थेने ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ काढला. त्यात सुगम्यतेच्या साठाहून अधिक सोयी आहेत, आणि नादाच्या खुणांवर व वाट दाखवणाऱ्या बटणावर विसंबून अंध माणसांनीही तो पुरा केला आहे. तेव्हा जमत नव्हते असे नव्हे. ध्यानात आले नव्हते.

दुसरा दोष स्थळाचा. होयसळांची देवळे, बेलूरची आणि हळेबीडची, मनोऱ्यांसाठी प्रसिद्ध नाहीत. मऊ दगडातले ते कोरीव काम जवळ जाऊन, दागिन्यासारखे निरखायचे. २०२३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्यांना स्थान मिळाले ते त्या कारागिरीसाठी. खेळाने त्यांना उंच बुरूज आणि प्रचंड मूर्ती केले, कारण दुरून दिसणारी खूण हवी होती. नकाशाच्या सोयीपायी शिल्पाचा स्वभाव बदलला. आमच्या भिवंडीजवळचे लोनाडचे शिलाहारकालीन देऊळ पाहिलेल्याला हे चटकन खटकेल.

आणि तिसरा दोष, जो दादांनी दाखवला, तो मला सर्वांत मोठा वाटतो. दुपारभर जीप हिंडवून झाल्यावर त्यांनी विचारले, “अरे, ह्या डोंगरात माणसे कोठे आहेत?” खेळाच्या आरंभी शहराच्या बाजारात माणसे आहेत, एक चुणचुणीत मुलगीही आहे. पण घाटात आल्यावर भेटतात ते फक्त बंदूकवाले. गुराखी नाही, मोळी आणणारी बाई नाही, पाणी देणारे घर नाही. सह्याद्रीत वाट नकाशावर कमी आणि तोंडी जास्त असते. “मामा, गडाची वाट कोणती?” असे विचारावे आणि मामांनी काठीने दाखवावे. ज्याला दुरून दिसत नाही, वाचता येत नाही, त्याच्यासाठी हीच सर्वांत जुनी सुगम्यता. नाही म्हणायला नडीन सोबत असते, आणि दोघींच्या बोलण्यातून पुढची दिशा कधीकधी कळते; ते बोलणे खेळातील लेखनाचा उत्तम भाग आहे. पण ते इंग्रजीत, आणि तळाच्या पट्टीवर मराठीला जागा नाही. दादांना नातू सांगतो. घाटातल्या मामांचे काम त्याने पत्करले आहे.

हे लिहिताना अकरांपैकी आठ नाणी झाली आहेत. नववे धबधब्यापाशी असावे असा दादांचा तर्क आहे, आणि नातवाचे मत वेगळे आहे.