जोडीने चालू नये

व्हिएन्नाच्या बादशाही दरबारात योहान योसेफ फुक्स नावाचे संगीतप्रमुख होते. त्यांनी १७२५ साली लॅटिनमध्ये ‘ग्रॅडस ॲड पार्नासम’ हे पुस्तक काढलं. छपाईचा खर्च बादशहाने सोसला. लेखकाने हेवा करावा असं नशीब! विषय काउंटरपॉइंट. म्हणजे एकाच वेळी दोन-तीन चाली अशा गायच्या, की प्रत्येकीची वाट वेगळी असावी आणि तरी भांडण होऊ नये. आपल्या एकत्र कुटुंबांत हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालला, फक्त त्यावर कुणी पुस्तक काढलं नाही.

पुस्तक म्हणजे गुरुशिष्यसंवाद. गुरू अलॉयसियस, म्हणजे पॅलेस्ट्रीना. शिष्य जोसेफस, म्हणजे खुद्द फुक्स. नेमून दिलेल्या चालीवर सुराला सूर ठेवायचा, हा पहिला धडा. निव्वळ जमाखर्च! मग एकास दोन, एकास चार, मग मागचा सूर पुढे रेंगाळत ठेवणं, आणि पाचव्या धड्यात सगळ्याची मिसळ.

आणि दंडक काय, तर दोन आवाजांनी पंचमाचं अंतर राखून बरोबरीने वर किंवा खाली जायचं नाही. षड्ज-पंचमावर तंबोरा लावणाऱ्या आपल्या माणसाला घामच फुटतो. पण पंचम फुक्सलाही गोडच लागतो. खटकतं ते जोडीने चालणं. साहेब उठले की उठणारा आणि बसले की बसणारा हेडक्लार्क आठवा. खुर्च्या दोन, मत एक. इथेही तसंच, दुसरा आवाज पहिल्याची सावली होतो.

माझी तक्रार जोसेफसबद्दल आहे. शंका काढतो, पण उत्तर मिळालं की लगेच पटतं. स्वतंत्र चाल शिकवणाऱ्या पुस्तकात शिष्यच गुरूमागे पंचमाने चालतो, आता बोला! शिवाय पॅलेस्ट्रीना वारला १५९४ साली. मधल्या १३१ वर्षांत कान बदलले, त्यामुळे पुस्तकातला गुरू थोडा फुक्सच आहे. विसाव्या शतकात डॅनिश अभ्यासक क्नुड येप्पेसेन यांनी मूळ रचना तपासून हा फरक दाखवून दिला.

तरी पुस्तकाला मोडीत काढू नये. हेडनने ते स्वतःच घोटलं, आणि पुढे बीथोव्हेनकडून त्यातले धडे गिरवून घेतले. त्या दोघांना कुणाची सावली म्हणायची छाती आहे कुणाची? नियमांनी आवाज मिळत नाही, हे खरं. पण असलेला आवाज दुसऱ्याच्या मागे फरफटत जात असेल, तर ते कळतं. मुलाने आपल्याच चालीत गावं असा हट्ट धरणाऱ्या बापांनी निदान पहिला धडा वाचावा.